चढत नाही

कर्वे रस्त्याजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना आहे. आत जायच्या आधी चार पानी फॉर्म भरून द्यावा लागतो. माझा लेक शेजारी बसला होता, हुडीची टोपी कपाळापर्यंत ओढून. वय वीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि दोन महिन्यांपासून त्याला सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. नाव, पत्ता, झोप, भूक, इथपर्यंत मी भराभर लिहीत गेले. तिसऱ्या पानावर 'घरातील आजार' असा तक्ता होता. त्यात दोन वेगळे रकाने. एक 'मानसिक आजार', दुसरा 'व्यसन'.

मी दोन्हींत 'नाही' लिहिलं.

हे सांगताना आज लाज वाटते. पण तेव्हा पेन अडखळलंसुद्धा नाही. एकोणपन्नास वर्षं ज्या घरात हे दोन शब्द मोठ्यानं उच्चारले गेले नाहीत, त्या घराचा हात होता तो.

आत डॉक्टरांनी लेकाशी बोलायला सुरुवात केली. बाई माझ्याच वयाच्या, आवाज शांत. कॉलेज, मित्र, रात्रीचं जागरण असं विचारत विचारत त्यांनी सहज विचारलं, "ड्रिंक्स घेतोस?" महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, याला वीस. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी. मित्राच्या फ्लॅटवर." किती? "चार-पाच बिअर. कधी वर क्वार्टर." आणि मग मला धीर द्यावा तसा म्हणाला, "पण आई, मला चढत नाही. बाकीचे आडवे होतात. मीच सगळ्यांना घरी सोडतो."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरात आणखी कुणाला चढत नव्हती का?"

त्याच क्षणी मला नारायण पेठेतला वाडा दिसला. ओट्यावर बसलेले बाळकाका दिसले.

हा लेख लेकाला विचारून लिहिते आहे. त्यानं आधी वाचला आणि मग "टाक" म्हणाला.

बाळकाका माझ्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, थोरले भाऊ. दोघांत चार वर्षांचं अंतर. काका खडकीला कारखान्यात, अप्पा बँकेत. काका लहानपणापासून पायाला भिंगरी लावल्यासारखे. पानावर दोन घास खाऊन उठायचे, परत यायचे. अप्पा घुमे. काकांची पहिली दारू कधी, ते मला माहीत नाही. पण मी आठ-नऊ वर्षांची असताना लग्नकार्यात पुरुषांच्या कोंडाळ्यात ऐकलेलं वाक्य पक्कं आठवतं: "बाळूचं मानलं पाहिजे. अख्खा खंबा रिचवला तरी चाल बिघडत नाही पठ्ठ्याची." त्यात कौतुक होतं. तालमीतल्या पोराच्या जोर-बैठका मोजाव्यात तसं कौतुक. आजी दारूच्या नावानं बोटं मोडायची, पण तीही म्हणायची, "पितो, पण निदान लोळत नाही."

सॅन दिएगोचे मार्क शुकिट नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांनी विशीच्या आसपासची, अजून दारूच्या आहारी न गेलेली तरुण मुलं गोळा केली. काहींचे वडील दारूग्रस्त, काहींचे नाहीत. प्रत्येकाला मोजून दारू दिली आणि दोन गोष्टी पाहिल्या. किती चढल्यासारखं वाटतंय असं त्यांना विचारलं, आणि सरळ उभं केल्यावर शरीर किती डुलतं ते मोजलं. दारूग्रस्तांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना तेवढ्याच दारूनं कमी चढली. साधारण दहा वर्षांनी शुकिटनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आला. दारूग्रस्त बापाच्या ज्या मुलांना विशीत सगळ्यांत कमी चढली होती, त्यांतली ५६ टक्के मुलं स्वतः दारूच्या विळख्यात गेली होती. ज्यांना चटकन चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होतं.

डॉक्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, आकडे उलटे तर नाहीत ना. आमच्या घरात, आणि मला वाटतं पुष्कळ घरांत, समजूत याच्या नेमकी उलट आहे. ज्याला चढते तो बिघडला, ज्याला चढत नाही तो सांभाळून आहे. खरं तर चढणं ही शरीराची घंटा आहे. ती उशिरा वाजते किंवा वाजतच नाही, म्हणून माणूस आणखी एक घेतो, मग आणखी एक. मित्रांना घरी सोडणारा तोच असतो आणि दहा वर्षांनी घरी परतायचा राहतो तोही तोच.

काकांची घंटा वाजली तेव्हा फार उशीर झाला होता. १९८५ च्या सुमारास सकाळी त्यांचे हात थरथरायला लागले. चहाची बशी धरता येईना. कामावर जायच्या आधी थोडी घेतली की थरथर थांबायची. वाड्यातल्या सगळ्यांना हे दिसत होतं आणि कुणीच काही बघितलं नव्हतं. त्याच वर्षांत अप्पाही वर्षातून एखाद-दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपून असायचे. बँकेत 'कावीळ' म्हणून रजेचा अर्ज जायचा. आई हिंगाच्या रिकाम्या डबीत पांढऱ्या गोळ्या ठेवायची. आम्हाला सांगितलं होतं, त्या पित्तावर आहेत. अप्पा दारूला शिवले नाहीत कधी. म्हणून ते 'हळवे' आणि काका 'दारुडे'. एका आईची दोन मुलं आणि घरानं त्यांचे दोन निराळे खटले चालवले.

आमच्याकडे दारू हा चारित्र्याचा प्रश्न होता, त्यालाही कारण होतं. टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे केले होते. पणजोबा त्यांतले एक, असं आजोबा अभिमानानं सांगायचे. अशा घरात मुलगा पिऊ लागला की ती पराभवाची गोष्ट होते. आजाराची होत नाही.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांड्यांची मदत होती. वर्तमानपत्रात बातमी आली. अप्पांनी ती कापून ठेवली होती आणि एका रविवारी आजोबांपुढे ठेवली. मी तिथेच सागरगोटे खेळत होते. आजोबांनी कात्रण वाचलं आणि परत दिलं. केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारात होतं. "वेड्यांच्या इस्पितळात? बाळू पितो. वेडा नाही तो." अप्पांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या एका वाक्यात आमच्या घराची सगळी चूक आहे. आज चाळीस वर्षांनी तीच चूक मी फॉर्मवर केली.

गेले काही महिने मी वेड्यासारखी वाचते आहे. दवाखान्यातून आल्यावर लेक झोपायचा आणि मी लॅपटॉप उघडायची. मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, पण जे डोक्यात बसलं ते सांगते.

दारू रक्तात येते का, हा प्रश्न आधी दत्तक मुलांवर तपासला गेला. डेन्मार्कमध्ये जन्मानंतर काही आठवड्यांतच आईबापांपासून वेगळी झालेली, दुसऱ्या घरी वाढलेली मुलं पाहिली. १९७३ चा अभ्यास. जन्मदात्यांपैकी एक दारूग्रस्त असेल, तर त्या मुलग्यांत दारूचा आजार जवळपास चौपट दिसला, जरी त्यांनी तो बाप कधी पाहिला नव्हता. पुढे जुळ्यांचे, दत्तकांचे असे पुष्कळ अभ्यास झाले, २०१५ मध्ये त्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला आणि आनुवंशिकतेचा वाटा निघाला साधारण निम्मा, ४९ टक्के.

हा 'निम्मा' शब्द फसवा आहे. काकांच्या दारूतला अर्धा खंबा वाडवडिलांच्या रक्ताचा आणि अर्धा कारखान्याच्या दारातल्या परमिट रूमचा, असं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडतात, वरून पुण्यातही पाऊस कोसळत असतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पुलावरून एक बादली भरून घेतली तर तिच्यात धरण किती आणि पाऊस किती, कुणी सांगू शकत नाही. वर्षावर्षांमधला फरक कशामुळे पडला, एवढंच सांगता येतं. निम्मा हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. एका माणसाच्या नशिबाचा नाही. आणि पाऊसच पडला नाही तर पूलही बुडत नाही. जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा, १८८० मध्ये, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला होता. जनुकांचा शब्दही तेव्हा नव्हता, पण पाऊस कुठून पडतो हे त्यांनी ओळखलं होतं.

काही जनुकं मात्र उलट काम करतात. दारू पोटात गेली की यकृतात तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी. मग दुसरं विकर (एन्झाइम) त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरं विकर जन्मतःच मंद असतं. एका पेल्यात चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ. असे लोक सहसा दारूच्या आहारी जात नाहीत, आणि ज्यांना आई-बाप दोघांकडून हा बदल मिळतो ते तर जवळजवळ नाहीच. आपल्याकडे हा बदल फारच विरळा. आणि गंमत नाही, दुःख आहे यात, की हाच परिणाम घडवणारी गोळी कोपनहेगनमधल्या संशोधकांनी १९४८ साली जगापुढे आणली: डायसल्फिराम. काकूनं ती कुणा ओळखीच्या कंपाउंडरकडून आणून काकांच्या आमटीत कुटून घातली होती. त्या रात्री काका गुत्त्यावरून आले ते लालबुंद, घामानं भिजलेले, "छाती फुटतेय" म्हणत पायरीवर बसले. वाचले, पण न सांगता दिलेली ती गोळी माणसाचा जीव घेऊ शकते. काकूचा इलाज प्रेमाचा होता. तिला दुसरा कुणी दिलाच नव्हता.

मग येतात मेंदूची जनुकं, आणि इथे माझे दोन रकाने मोडून पडले.

१९९० मध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका ग्राहकाचं, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक 'दारूचं जनुक' म्हणून जगभर गाजलं. नंतर कुणाला ते सापडलं, कुणाला नाही, आणि बरीच वर्षं त्यावर वाद चालला. आता लाखोंच्या डीएनएवर अभ्यास होतात. २०२३ च्या एका अभ्यासात दहा लाखांहून अधिक माणसं होती आणि जनुकसंचातल्या शंभरावर जागा निघाल्या. ते डोपामिनचं जनुकही पुन्हा सापडलं, पण गर्दीतलं एक म्हणून. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

महत्त्वाचं पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा पिता याचे. उरलेले सात त्रासाचे: थांबता येत नाही का, सकाळी लागते का, अपराधी वाटतं का, घरच्यांनी काळजी व्यक्त केली का. ब्रिटनमधल्या लोकांच्या उत्तरांची त्यांच्या डीएनएशी सांगड घातली तेव्हा पहिल्या तीन प्रश्नांमागची जनुकं आणि पुढच्या सातांमागची जनुकं पुरती जुळेनात. 'किती पितो' याची नाळ शिक्षण, मिळकत असल्या गोष्टींशी जुळली. याचा अर्थ पिणं तब्येतीला चांगलं असा मुळीच नाही. 'पिण्याचा त्रास होतो' याची नाळ मात्र जुळली नैराश्याशी आणि इतर मनोविकारांशी. २०१८ मध्ये दारूग्रस्ततेवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. दारूग्रस्ततेची आनुवंशिक मुळं आणि नैराश्याची आनुवंशिक मुळं बऱ्याच अंशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. एकाला गोळ्या मिळाल्या, हिंगाच्या डबीतून का होईना. दुसऱ्याला शिव्या मिळाल्या. आणि दोघांच्या अंगात, बहुधा, एकाच मातीचं काहीतरी होतं.

आधी काय, दारू की उदासी? दोन्ही बाजूंनी रस्ता आहे. रोजची दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाची जागा घेत जाते. मेंदू तिच्याविरुद्ध स्वतःला ताणून धरतो, म्हणून उतरली की जीव घाबरा होतो, झोप तुटते, मन काळवंडतं. ते थांबवायला पुन्हा दारू. पण २०१९ मध्ये जनुकांच्या आधारे कारण आणि परिणाम वेगळे काढायचा एक प्रयत्न झाला, त्यात नैराश्याकडून दारूग्रस्ततेकडे जाणारा धागा स्पष्ट मिळाला. उलट दिशेचा तसा मिळाला नाही.

आणखी एका अभ्यासाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ मध्ये सात ते तेरा वर्षांच्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. नेहमीच्या खुणांमध्ये एखादी वेगळी खूण आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. दारूग्रस्त बापांच्या मुलग्यांत ती लहर खुजी निघाली. त्या पोरांनी दारूचा थेंबही चाखला नव्हता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही अशा घरांचा अभ्यास झाला आहे. ब्रेक जरा सैल असलेला मेंदू, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मला पानावरून उठणारे बाळकाका आठवले. सात वर्षांचे. आजीच्या हातचे धपाटे खाणारे.

काका १९९४ मध्ये गेले, पन्नाशीत. पोटात पाणी झालं होतं. शेवटी भास व्हायचे. आजी म्हणाली, "रक्तातच होतं मेल्याच्या." बाळू म्हणून हाक मारायची त्याला 'मेला' म्हणाली आणि मग तीन दिवस जेवली नाही.

त्यांची मुलगी शुभाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं. मुलाकडच्या एका बाईंनी वाड्यात येऊन, चहा पिऊन, सांगितलं: "खाण तशी माती." चार वर्षांनी माझं लग्न झालं. अप्पा सूट घालून मांडवात उभे होते आणि महिनाभरापूर्वीच त्यांचा एक भिंतीकडचा काळ संपला होता. माझ्या सासरी कुणी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. आम्हा दोघी बहिणींचे आजोबा एक, आजी एक. तिच्या बापाचा आजार रस्त्यावर दिसणारा होता, माझ्या बापाचा खोलीत मावणारा. याबद्दल मी तिच्याशी तीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

हल्ली थुंकी पाठवून डीएनए तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. लेकासाठी ती करावी का, मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान हलवली. हे मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले. त्यांतून काढलेले धोक्याचे आकडे आपल्या लोकांना नीट लागू पडत नाहीत, आणि तिथेही एका माणसाचं पुढे काय होईल ते सांगण्याइतके ते पक्के नाहीत. "तुमच्या घरचा इतिहास यापेक्षा जास्त सांगतो," त्या म्हणाल्या. "आणि तो फुकट मिळतो. फक्त कुणीतरी बोलायला हवं."

एम्सच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. मी हा आकडा वाचला की मला उरलेले ३७ जण दिसत नाहीत. त्यांच्या खिशातली घडी घातलेली कात्रणं दिसतात.

मागच्या रविवारी मी शुभाताईला फोन केला. ती आता कोथरूडला असते, शिकवण्या घेते, एकटी. लेक समोर बसला होता. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि तिला तसं सांगितलं. मग फॉर्म काढला. डॉक्टरांनी कोरी प्रत दिली होती, परत भरून आणा म्हणून.

"ताई, काकांबद्दल विचारायचं होतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "तू पहिली विचारणारी."

मी अप्पांचं सगळं सांगितलं. डबी, गोळ्या, कावीळ. ती "हं, हं" करत राहिली. "मला माहीत होतं," म्हणाली. "अप्पाकाकांच्या खोलीचं दार लावलेलं असायचं ना, बाबा त्या दाराशी जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. नुसते उभे." हे मला माहीत नव्हतं.

"काका आधी पासून प्यायचे?"

"आधी झोप गेली गं. मी पहिलीत-दुसरीत असेन, तेव्हा ते घेत पण नव्हते फारसे. तरी रात्री उठून गॅलरीत फेऱ्या मारायचे. मला जाग यायची फळ्यांच्या आवाजानं. आईला म्हणायचे, छातीवर कुणीतरी बसलंय. मग कुणीतरी सांगितलं, थोडी घेऊन झोप, शांत लागेल. लागली पण. पहिले काही महिने खरंच लागली."

मी फॉर्मवर काकांचं नाव लिहिलं. दोन्ही रकान्यांत. अप्पांचं पहिल्यात लिहिलं. 'उपचार घेतले का' यापुढे काकांसाठी 'नाही' लिहिलं आणि त्या 'नाही'वर पेन जरा जास्त दाबलं गेलं.

लेकानं टोपी मागे सारली. फोनकडे वाकला.

"मावशी, ते किती वाजता उठायचे?"

"तीनला. तीनचे टोले पडले की फळ्या वाजायच्या. का रे?"

तो थोडा वेळ गप्प बसला.

"मी पण," म्हणाला.